पोत्यातले शॉकअप: एका इंटरसेप्टरच्या पुढच्या सस्पेन्शनचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका दुपारी साखरेच्या पोत्यात गुंडाळलेले केटीएम ३९० ड्यूकचे दोन शॉकअप माझ्या टेबलावर येऊन पडले. आणणारे गृहस्थ कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. गळीत हंगाम संपला की त्यांना जरा सवड मिळते आणि मग त्यांची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आंबा घाटातून, नाहीतर गगनबावड्याहून करूळ घाटातून कोकणात उतरते.

“एवढं बसवून द्या, मिस्त्री. टी पण आणलीय. चाक, डिस्क, कॅलिपर उद्या आणतो.” टी म्हणजे दोन्ही शॉकअप वर धरून ठेवणारा, हँडलखालचा भाग; कॅलिपर म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग.

“साहेब, आधी दुखणं सांगा. औषध तुम्हीच घेऊन आलाय.”

दुखणं असं होतं. पुलाच्या सांध्यावर, तुटलेल्या डांबराच्या कडेवर पुढचं चाक आपटलं की मनगटापर्यंत दणका येतो. ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते. घाटात वळणात शिरताना ब्रेक सोडला की पुढचा भाग उचकतो आणि गाडी धरलेली रेघ सोडते. गाडी १९ हजार किलोमीटर चाललेली. स्वार जॅकेट, हेल्मेट, बूट धरून ९६ किलो. त्यांचं निदान सरळ होतं: कंपनीचे शॉकअप कडक आणि निकृष्ट आहेत, ड्यूकचे उलटे शॉकअप रेसिंगचे आहेत, तेव्हा बदलून टाकायचे. बजेट चाळीस हजार.

‘कडक’ हा शब्द मी वहीत लिहून घेतला. पुढं तोच खोटा ठरला.

आधी मोजमाप

इंटरसेप्टरला पुढं ४१ मिमी जाडीचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप आहेत, ११० मिमी खेळाचे. बाहेरून फिरवायला एकही स्क्रू नाही. खेळ म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त किती दबू शकतो ते; ११० मिमी म्हणजे भांडवल तेवढंच. त्यातलं किती गाडी उभी असतानाच खर्च होतं, हा पहिला प्रश्न. मोटारसायकलवाले त्याला सॅग म्हणतात.

मोजायला खर्च काही नाही. शॉकअपच्या पाईपवर एक प्लास्टिकची झिप टाय आवळली, चाक हवेत उचलून पाईपची उघडी लांबी घेतली. मग साहेबांना पूर्ण जामानिम्यासह बसवलं, मागं एकाला धरायला उभं केलं. एकदा पुढचा भाग वर उचलून हळूच सोडला आणि माप घेतलं, एकदा खाली दाबून हळूच सोडला आणि माप घेतलं. दोन्हीची सरासरी म्हणजे सॅग. दोन्हीतला फरक म्हणजे शॉकअपच्या आतलं घर्षण.

सॅग निघाली ४८ मिमी आणि घर्षणाचा फरक १५ मिमी.

रस्त्यावरच्या गाडीची पुढची सॅग खेळाच्या तीसेक टक्के असावी, म्हणजे इथं ३३-३४ मिमी. साहेब नुसते बसल्यावरच ४४ टक्के खेळ संपत होता. ब्रेक मारला की आणखी जायचा, आणि खड्डा नेमका ब्रेकवर असतानाच येतो. तोवर शिल्लक राहिलेल्या थोड्या खेळात तळ गाठला की दणका बसणारच. मनगटाला तो ‘कडक’ वाटतो, पण त्याचं कारण मऊ स्प्रिंग आहे. गाडी कारखान्यातून निघते ती सरासरी वजनाच्या माणसासाठी. ९६ किलोच्या माणसाचा विचार त्यात नसतो.

हे सांगितल्यावर साहेब थोडे हिरमुसले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र बरोबर होता: “मग स्लो स्पीड ब्रेकरवर गाडी लोण्यासारखी जाते आणि छोट्या धारदार खड्ड्यावर कानाखाली मारल्यासारखी लागते, ते का?”

भोकातून जाणारं तेल

या शॉकअपच्या आत डॅम्पर रॉड नावाची एक पोकळ नळी असते, तिला ठरावीक मापाची भोकं. चाक वर गेलं की तेल त्या भोकांतून ढकललं जातं आणि तोच विरोध म्हणजे डॅम्पिंग. सोपी, स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणारी रचना. तेलाचं डॅम्पिंग असलेले टेलिस्कोपिक शॉकअप बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या मॉडेलवर बाजारात आणले. डॅम्पर रॉडची चाल मुळात त्याच वळणाची आहे.

खोट एकच. स्थिर मापाच्या भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकलायचं तर साधारण चौपट जोर लागतो. ब्रेक मारल्यावर शॉकअप सावकाश बसतो, तेव्हा विरोध जवळजवळ नसतोच. धारदार कडेवर चाक एका क्षणात उसळतं, तेव्हा तेल भोकात कोंडतं आणि शॉकअप क्षणभर सळईसारखा ताठ होतो. भोक लहान केलं की नाक बसणं कमी होतं आणि दणका वाढतो, मोठं केलं की उलट. नुसतं तेल घट्ट किंवा पातळ करून दोन्ही दुखणी एकदम जात नाहीत. ‘घट्ट तेल घाला, सगळं नीट होतंय’ हा सल्ला आपल्याकडे चहाच्या गाड्यावरही मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

मळीचा पाक आयुष्यभर मोजलेल्या माणसाला हे समजावायला दोन मिनिटं पुरली. एकच गोष्ट त्यांना पटेना: तेलाच्या बाटलीवरचा ‘१० डब्ल्यू’ हा आकडा काटेकोर मोजमाप नाही. एका कंपनीचं १० दुसरीच्या १५ च्या जवळ जाऊ शकतं. ४० अंश सेल्सिअसला घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये किती, तो आकडा बघायचा. त्यांनी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवली आणि कपाळाला हात लावला. “आमच्या लॅबमध्ये असं लेबल लावलं असतं तर नोकरी गेली असती.”

पोत्यातल्या शॉकअपचा हिशेब

तरीही मी पोतं लगेच बाजूला सारलं नाही. गिऱ्हाईक पैसे मोजून माल घेऊन आलंय, तर त्याला नकाराचं कारण आकड्यांत मिळायला हवं.

ड्यूकचे शॉकअप डब्ल्यूपी कंपनीचे, ४३ मिमी, उलटे. उलटे म्हणजे जाड नळी वर टीमध्ये धरलेली आणि बारीक पाईप खाली चाकाकडं. जिथं ब्रेकचा पीळ जास्त पडतो तिथं जाड नळी येते, म्हणून पुढचा भाग कमी वाकतो. हा फायदा खरा आहे. पण ड्यूक इंटरसेप्टरपेक्षा चाळीस-पन्नास किलोने हलकी गाडी. तिच्या शॉकअपमधली स्प्रिंग तिच्या वजनाची. म्हणजे मऊ स्प्रिंगचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आपण आणखी हलक्या गाडीची स्प्रिंग देणार. शॉकअप बदलूनही स्प्रिंग बदलावी लागणार असेल, तर ती आहे त्याच शॉकअपमध्ये का बदलू नये?

दुसरा मुद्दा भूमितीचा. इंटरसेप्टरचा रेक २४ अंश आणि ट्रेल १०५.५ मिमी. रेक म्हणजे स्टिअरिंगची रेघ उभ्या रेषेपासून किती कललेली आहे तो कोन. ट्रेल म्हणजे स्टिअरिंगची रेघ जमिनीला जिथं मिळते आणि टायर जिथं टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर. बाजारातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक ढकलल्यावर आपोआप सरळ होतं, तसं मोटारसायकलचं चाक सरळ ठेवण्याचं काम हे अंतर करतं. गाडीची ही चौकट, म्हणजे फ्रेम, रॉयल एनफिल्डने ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सबरोबर बसवली. रेसिंगच्या चौकटी बनवणारी ही कंपनी २०१५ मध्ये त्यांनी विकतच घेतली. म्हणजे या गाडीतला सगळ्यात विचार करून केलेला भाग हाच आहे, आणि आपण हात घालणार नेमका तिथंच.

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि आम्ही मांडलं. मूळ टायर १००/९०-१८, त्याची त्रिज्या साधारण ३१८ मिमी. ड्यूकचा ११०/७०-१७, त्रिज्या साधारण २९३. शॉकअपची लांबी तंतोतंत जुळवली आणि टीचा ऑफसेट, म्हणजे स्टेमच्या (टीतून गाडीच्या मानेत जाणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून दोन पाईपच्या मध्यरेषेचं अंतर, तोच ठेवला असं धरलं तरी नुसत्या चाकामुळं गाडी पुढून पंचवीसेक मिलिमीटर खाली येते. १४०० मिमीच्या व्हीलबेसवर, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतल्या अंतरावर, त्याचा अर्थ रेक एका अंशाने उभा होणं. २३ अंशाने पुन्हा हिशेब केला तर ट्रेल येतो सुमारे ८८. १०५ वरून ८८. शहरात गाडी फुलासारखी वळेल, साहेब खूश होतील, आणि पुणे-बंगळूर महामार्गावर शंभरच्या वेगाने ट्रकच्या वाऱ्यात हँडल हातात थरथरायला लागेल. प्रत्यक्षात लांबी आणि ऑफसेट दोन्ही वेगळे असणार, तेव्हा आकडा यापेक्षा बरा किंवा वाईट काहीही निघेल. तो रस्त्यावर जाऊन कळावा अशी माझी इच्छा नव्हती.

“मूळचंच १८ इंची चाक ठेवलं तर?” ठेवता येईल. मग एक्सलची जाडी जुळवा, बुश कापा, डिस्क कॅलिपरच्या मधोमध आणा. ड्यूकचा चार पिस्टनचा कॅलिपर लावला तर वर हँडलवरच्या, ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं माप त्याला पुरतं का ते बघा, नाहीतर लिव्हर हँडलला टेकेल. १७ इंची चाक लावलं तर ब्रेकवर चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं डोकं फिरणार, कारण ते पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग सतत ताडून बघत असतं आणि इथं पुढचं चाक आठ टक्क्यांनी लहान झालंय. आपल्याकडे यावर चालणारा सर्रास उपाय म्हणजे एबीएसचा फ्यूज काढून ठेवणं. त्या उपायाबद्दल मी गॅरेजमध्ये जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि टी. ड्यूकची स्टेम इंटरसेप्टरच्या मानेत, कोनसेटमध्ये (तिथल्या बेअरिंगमध्ये) बसवायची म्हणजे ती दाबून काढायची आणि नवी लेथवर तासून घ्यायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत, उत्तम आहेत. एका ओळखीच्या लेथवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, “दोन तासांचं काम हाय, पाठवा.” दोन तासांचं आहे यात शंकाच नाही. पण कुठल्या पोलादाचा रॉड, त्याला पाणी दिलंय का, दाबून बसवताना किती ताण ठेवला, यातलं काहीच कुणी लिहून देत नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलत आणता येते. स्टेम तुटली तर पुढचं चाक आणि स्वार यांचा संबंध संपतो.

शेवटी पोत्यातला माल स्वतः. दोन्ही पाईप व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला. एक सरळ, दुसऱ्यात ०.४ मिमीचा वाक. गाडी कुठंतरी आपटलेली होती आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. क्रोमवर खालच्या बाजूला दोन बारीक खड्डेही होते. उलट्या शॉकअपचं सील खाली असतं, चिखल-खडे थेट अंगावर घेणारं. ते गळलं की तेल ओघळून ब्रेकच्या दिशेनं जातं.

कायद्याचं मी शेवटी सांगितलं, कारण त्याने लोकांचं मत सहसा बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करायला आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक फेरफारामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पुढचं टोक दुसऱ्या कंपनीचं बघून काय लिहील, ते वेगळंच.

साहेबांनी एक बरा पर्याय काढला: त्याच घराण्यातल्या सुपर मीटिअर किंवा शॉटगन ६५० चे शोवा कंपनीचे ४३ मिमी उलटे शॉकअप. विचार चांगला. त्या गाड्या २४० किलोच्या घरातल्या, म्हणजे स्प्रिंग निदान जड गाडीची मिळते, आणि शॉटगनला पुढं १८ इंचीच चाक आहे. कुणी शॉकअप बदलायचेच म्हणून हट्ट धरून बसला तर मी त्याला इकडं ढकलीन. पण टी, एक्सल, डिस्क, कॅलिपर असा पूर्ण संच नवा घ्यायचा तर चाळीस हजारांत बसत नव्हता, आणि भूमितीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला असता. तिथं आम्ही थांबलो. पोतं कोपऱ्यात गेलं.

काय केलं

पहिल्या दिवशी एक रुपयाचाही माल घातला नाही. एक्सल आणि त्याला आवळून धरणारा पिंच बोल्ट सैल केला, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा भाग दहा-बारा वेळा जोरात दाबला, शॉकअप आपापल्या जागी आले आणि मग पिंच बोल्ट शेवटी आवळला. टायर बसवताना कुणीतरी हा क्रम चुकवला होता आणि दोन्ही पाय, म्हणजे दोन्ही शॉकअप, एकमेकांकडं ओढले गेले होते. घर्षणाचा फरक १५ वरून ८ मिमीवर आला. लहान खडबडीवरचा निम्मा त्रास इथंच गेला, हे साहेबांनी पन्हाळ्याला एक फेरी मारून येऊन स्वतः सांगितलं. चाळीस हजारांच्या दुखण्यातला बराचसा भाग बारा नंबरच्या पान्याने जातो, हे गिऱ्हाईकाला सांगताना माझाच तोटा होतो, पण असो.

मग शॉकअप खोलले. तेल करडं, ॲल्युमिनियमच्या चुऱ्याने चमकणारं, आणि एका पायात दुसऱ्यापेक्षा ३० मिली कमी. नव्या स्प्रिंगचं गणित आम्ही असं केलं. गाडी आणि स्वार मिळून तीनशे दहा-पंधरा किलो, त्यातलं पुढच्या स्प्रिंगांवर चाक वगैरे वजा जाता साधारण १२८. शॉकअप २४ अंशात कललेला, म्हणून त्याच्या रेषेत ११७, एका पायाला ५८-५९. ०.९५ किलो प्रति मिमीची स्प्रिंग घेतली तर ती एकूण ६१-६२ मिमी दबते. त्यातले २५ आधीच प्रीलोडमध्ये, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच, दाबलेले, राहिले ३६-३७, आणि आतली कोंडलेली हवा थोडा हात देते. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच बसते. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी दर आठवड्याला कुणाला तरी हे सांगतो.

स्प्रिंगा बाहेरून मागवल्या, तीन आठवडे लागले. घातल्यावर सॅग ३४. नाक बसणं गेलं, घाटातली उचकी गेली. धारदार कडेचा दणका कमी झाला, पण उरला. तो भोकातल्या तेलाचा होता, स्प्रिंगचा नव्हता.

त्यासाठी डॅम्पर रॉडच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली बसणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला. एम्युलेटर म्हणतात त्याला. रॉडची खालची भोकं वाढवून मोकळी करायची, म्हणजे दाबतानाचा विरोध भोकाऐवजी व्हॉल्व्ह ठरवतो. जोर वाढला की त्यातली स्प्रिंगवाली चकती उघडते आणि तेलाला वाट देते. परतीचा, म्हणजे दबलेला शॉकअप उघडण्याचा, वेग मात्र तेलाच्या घट्टपणावरच राहतो, म्हणून तेल १५ डब्ल्यू घेतलं. भोक पाडलेला रॉड पुन्हा मूळचा होत नाही. यासाठी रॉडची नवी जोडी विकत घेऊन ती भोकं पाडायला वापरली आणि मूळची कापडात गुंडाळून साहेबांना दिली.

आणि इथं चूक मी केली. व्हॉल्व्हला स्वतःची उंची असते. तेवढा वरचा स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर बसणारी नळी, कापायला हवा. तो मी कापला नाही. हंगामातल्या घाईचं कारण सांगायलाही जागा नव्हती, पावसाळा लागला होता आणि गॅरेज रिकामंच होतं. परिणामी प्रीलोड वाढला, सॅग २१ मिमीवर आली आणि प्रत्येक स्पीड ब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण उघडून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. साहेब आंबा घाट चढून-उतरून आले आणि पोत्याकडं बोट दाखवून म्हणाले, “मिस्त्री, त्यापेक्षा तेच बरं होतं.” मला आवाज ऐकल्याबरोबर कळलं. स्पेसर कापले, तेलाच्या वरची हवेची जागा स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून मोजली आणि १२० वरून १३० मिमी केली, कारण हवाही शेवटच्या खेळात स्प्रिंगसारखीच ताठ होते. सॅग ३३. व्हॉल्व्हची स्प्रिंग अर्धा फेरा सैल.

नंतर

झिप टाय पाईपवर तशीच ठेवली होती. आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन परत आल्यावर ती ९८ मिमीवर थांबलेली. म्हणजे ११० पैकी जवळजवळ सगळा खेळ वापरला जातोय आणि तळ लागत नाही. मला हवं होतं ते हेच. सगळा खर्च मजुरी धरून बावीस हजारांच्या आत.

ब्रेकबद्दल साहेबांची थोडी नाराजी राहिली. ड्यूकच्या कॅलिपरची पकड त्यांनी मित्राच्या गाडीवर अनुभवली होती आणि तशी ती मिळाली नाही. मी चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड आणि स्टीलच्या जाळीची नळी सुचवली. पॅड घातले, नळीचं बघू म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये, बॉयलर पेटायच्या आठवडाभर आधी, ते बायकोला मागं बसवून मालवणला जाऊन आले. परत आले ते तक्रार घेऊनच. पुढून आता काही कळत नाही, पण खड्ड्यावर मागचा भाग उडतो, मंडळी वैतागल्यात. आधी पुढच्या दणक्यात मागचं झाकलं जात होतं. मागच्या शॉकअपना प्रीलोडची रिंग आहे. ती दोन खाचा वर केली, सॅग वहीत लिहून ठेवली आणि बाकीचं काम एप्रिलनंतर करायचं ठरलं. पोतं अजून माझ्याकडंच आहे. सरळ पाईपवाला एक पाय ड्यूकच्या गिऱ्हाईकाला विकून देतो म्हटलंय, वाकडा भंगारात.